वीज वाचविणारी उपकरणे : किंमत आणि किफायत

उल्हासनगर शहराची जडणघडण छावणीतून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची संक्रमण छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना या छावणीतील बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसविण्यात आली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे भाग मात्र आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ याच नावांनी ओळखले जातात. शहाड फाटक व बिर्ला गेट या बाजूचा भाग तो कॅम्प १. बराकींच्या जागी पुष्कळ ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या. तथापि एकदोन खोल्यांत, तापलेल्या छपराखाली संसार करणारी कुटुंबे येथे आजही आहेत.

अशा घरात पंखा ही चैनीची वस्तू राहत नाही. मार्च ते जून या काळात तो दिवसरात्र फिरत असतो. तो बंद पडला की कुटुंबप्रमुखाला दुकान गाठावे लागते आणि तेथे त्याच्यासमोर दोन पंखे येतात. एक सोळाशे रुपयांचा, तर दुसरा अठ्ठावीसशे रुपयांचा. दुसरा पंखा वीज वाचवितो, असे दुकानदार सांगतो. ते खोटे नसते. परंतु जादा दिलेले बाराशे रुपये परत कधी मिळणार, आणि मिळणार की नाही, याचे उत्तर उपकरणावरील चिठ्ठीत नसते. ते ग्राहकाच्या स्वतःच्या वीज बिलात असते. ते शोधून काढण्याची रीत सोपी आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढेच गणित त्यासाठी पुरते.

ताऱ्यांचा अर्थ

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये केंद्र शासनाने मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना केली. या ब्यूरोने २००६ मध्ये उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची योजना सुरू केली. प्रारंभी ती ऐच्छिक होती. जानेवारी २०१० पासून स्वयंचलितपणे बर्फ वितळविणारे फ्रीज, खोलीचे वातानुकूलन यंत्र आदी उपकरणांना आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनाचे काम पाहणारी नियुक्त संस्था म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, अर्थात महाऊर्जा.

एक तारा म्हणजे किमान कार्यक्षमता आणि पाच तारे म्हणजे उच्च कार्यक्षमता, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु दोन गोष्टींकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पहिली अशी की, ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात. काही वर्षांपूर्वीचा पाच तारांकित फ्रीज आजच्या निकषांनुसार तीन ताऱ्यांचाही ठरू शकतो. म्हणून चिठ्ठीवरील वर्ष पाहिल्याविना ताऱ्यांची तुलना करू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फ्रीज व वातानुकूलन यंत्राच्या चिठ्ठीवर ताऱ्यांखाली वार्षिक वीजवापराचा आकडा युनिटमध्ये छापलेला असतो. हिशेब मांडावयाचा तो या आकड्यावर. तारे ही केवळ दिशा होय.

बिलातील शेवटचे युनिट

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. वॅटला तासांनी गुणून हजाराने भागले की युनिटे मिळतात. इथपर्यंतचे गणित सर्वपरिचित आहे. चूक होते ती युनिटाचा दर धरताना.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवून देतो. हे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. दरमहा पहिली १०० युनिटे, त्यानंतर १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे हे टप्पे आहेत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दराच्या जवळजवळ दुप्पट असतो. शंभराची मर्यादा ओलांडली की सर्वच युनिटे महाग होतात, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. मर्यादेवरील युनिटांनाच वरचा दर लागतो. मात्र याच कारणाने वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होते. म्हणजेच बचतीची किंमत बिलाच्या सरासरी दराने मोजणे योग्य नाही. ती शेवटच्या युनिटाच्या दराने मोजली पाहिजे.

बिलातील सर्वच रकमा वापराबरोबर कमी होत नाहीत. स्थिर आकार वीज वाचविली तरी भरावाच लागतो. वीज आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार हे मात्र युनिटांशी निगडित आहेत आणि वीज शुल्क त्यांच्यावर शेकडा १६ या प्रमाणात चढते. पुढील हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या टप्प्याचा दर ६ रुपये व दुसऱ्याचा १२ रुपये धरला आहे. शुल्कासह हे आकडे अनुक्रमे सुमारे ७ व १४ रुपये होतात. दर आयोगाच्या आदेशानुसार बदलत असल्याने प्रत्येकाने आपल्या ताज्या बिलावरील आकडा घ्यावा. येथे दिलेल्या वस्तूंच्या किमतीही नमुन्याच्याच समजाव्यात. रीत मात्र तीच राहील.

पंखा : दोन वेगळे प्रश्न

साध्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरत्या भागात प्रवाह निर्माण करून त्याला चुंबकत्व आणावे लागते. त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. बीएलडीसी या नावाने विकल्या जाणाऱ्या पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक बसविलेले असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक त्यांना फिरवितो. त्यामुळे घरोघरी असलेला ४८ इंची जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तेथे हा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास काम भागवितो.

दुकानात सांगितली जाते ती हीच ७५ आणि ३० ची तुलना. परंतु पंखा जळालेला असेल व नवा घ्यावयाचाच असेल, तर ही तुलना लागू होत नाही. तारांकन सक्तीचे झाल्यापासून ४८ इंची पंख्याने दर वॅटमागे दर मिनिटाला किमान ४ घनमीटर हवा दिली पाहिजे, असा एका ताऱ्याचा निकष आहे. पाच ताऱ्यांसाठी तो ६ घनमीटर आहे. या हिशेबाने आजचा एक तारांकित नवा पंखाही सुमारे ५० वॅटमध्येच चालतो. म्हणजे खरा फरक ४५ वॅटचा नसून २० वॅटचा आहे.

पंखा दिवसाला १२ तास आणि वर्षातून ३०० दिवस चालतो असे धरले, तर वर्षाचे ३,६०० तास झाले. २० वॅटच्या फरकाने ७२ युनिटे वाचतील. ज्या घराचा वापर कधीच शंभराच्या वर जात नाही, त्याचे वर्षाला ५०४ रुपये वाचतील आणि जादा दिलेले १,२०० रुपये सुटण्यास सुमारे अडीच वर्षे लागतील. ज्या घराचे शेवटचे युनिट दुसऱ्या टप्प्यात पडते, त्याचे १,००८ रुपये वाचतील व तीच रक्कम सव्वा वर्षात वसूल होईल. पंखा एकच, गल्लीही एकच. परंतु एका घरासाठी तो दुसऱ्याच्या दुप्पट किफायतशीर ठरतो.

दुसरा प्रश्न असा की, जुना ७५ वॅटचा पंखा चालू स्थितीत असताना तो काढून टाकावा काय? येथे ४५ वॅटचा फरक लागू होतो. पण नव्या पंख्याची पूर्ण किंमत, म्हणजे २,८०० रुपये, खर्ची पडते. वर्षाला १६२ युनिटे वाचतील. पहिल्या टप्प्यात त्यांचे १,१३४ रुपये होतात, तर दुसऱ्या टप्प्यात २,२६८ रुपये. पैसे पुन्हा अडीच वर्षांत किंवा सव्वा वर्षात सुटतात. जेथे पंखा दिवसातून चारच तास फिरतो, तेथे मात्र हाच काळ तिप्पट होईल. म्हणून बदल करावयाचा तर तो सर्वाधिक वेळ चालणाऱ्या खोलीपासून करावा.

रुपयांच्या हिशेबात न मावणाऱ्या काही बाबीही आहेत. विजेचा दाब उतरला की साधा पंखा मंदावतो. नव्या पंख्याचा नियंत्रक बऱ्याच मर्यादेपर्यंत वेग टिकवून धरतो. इन्व्हर्टरवर तो अधिक काळ चालतो. उलट बाजूने पाहता, साध्या पंख्याचा कपॅसिटर थोड्या पैशांत बदलून मिळतो आणि मोटर जळाल्यास वाइंडिंग करून देणारा कारागीर जवळपास सापडतो. बीएलडीसी पंख्याचे सर्किट बिघडल्यास बहुधा ते पूर्णच बदलावे लागते. यासाठी पैसे वसूल होण्याच्या काळापेक्षा हमीचा काळ मोठा असावा, ही अट ग्राहकाने स्वतःशी घालून घ्यावी. हा पंखा बसविताना भिंतीवरील जुना रेग्युलेटर मार्गातून काढून टाकणेही आवश्यक असते.

फ्रीज आणि वातानुकूलन यंत्र

फ्रीज बारा महिने, चोवीस तास जोडलेला असल्याने त्यात बचत मोठी होत असावी असे वाटते. उदाहरणादाखल, लहान आकाराच्या दोन फ्रीजपैकी एकाच्या चिठ्ठीवर वर्षाला १८० युनिटे व दुसऱ्याच्या चिठ्ठीवर १३० युनिटे लिहिलेली आहेत आणि किमतीत ३,५०० रुपयांचा फरक आहे, असे समजावे. वाचतात ती ५० युनिटे. पहिल्या टप्प्यातील घराला वर्षाकाठी ३५० रुपये मिळतील व जादा रक्कम सुटण्यास दहा वर्षे लागतील. दुसऱ्या टप्प्यातील घरालाही पाच वर्षे थांबावे लागेल. पंख्याच्या मानाने हा सौदा मंद आहे. लहान फ्रीज घेणाऱ्या कमी वापराच्या कुटुंबाने पाच ताऱ्यांचा आग्रह न धरता गरजेपुरता आकार निवडणे, भिंतीपासून अंतर राखणे व दाराचे रबर घट्ट ठेवणे यातच शहाणपण आहे.

वातानुकूलन यंत्राच्या बाबतीत चिठ्ठी वाचताना विशेष दक्षता हवी. तिच्यावरील वार्षिक युनिटांचा आकडा यंत्र वर्षाला १,६०० तास चालेल असे गृहीत धरून काढलेला असतो. तीन तारांकित व पाच तारांकित यंत्रांच्या आकड्यांत २५० युनिटांचा आणि किमतीत ८,००० रुपयांचा फरक असल्यास, १४ रुपये दराने वर्षाला ३,५०० रुपये वाचून सव्वादोन ते अडीच वर्षांत रक्कम सुटेल, असे कागदावर दिसते. परंतु कुटुंब ते यंत्र उन्हाळ्यातील ९० रात्री प्रत्येकी सहा तासच लावत असेल, तर प्रत्यक्ष वापर ५४० तासांचा झाला. बचत एक तृतीयांशावर, म्हणजे ८४ युनिटांवर येते आणि आठ हजार रुपये सुटण्यास जवळजवळ सात वर्षे लागतात. यंत्रामुळे बिल तिसऱ्या टप्प्यात गेल्यास हा काळ काहीसा घटेल. तरीही स्वतःचे तास मोजल्याविना चिठ्ठीवरील बचत आपली मानणे योग्य नव्हे.

व्याजाची कसोटी

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेरी हॉसमन यांनी १९७९ मध्ये वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहक आजचा जादा खर्च व उद्याची बचत यांचा मेळ सरासरी शेकडा २० च्या आसपास वार्षिक दराने घालतात आणि उत्पन्न जितके कमी तितका हा दर अधिक असतो, असे त्यात दिसून आले. गरीब कुटुंब स्वस्त उपकरण घेते ते सदैव अज्ञानापोटी असे नाही. हातात रोख रक्कम नसते आणि उसनी रक्कम महाग पडते, हेही त्यामागचे कारण असते.

हा अनुभव येथीलही आहे. दरमहा शेकडा दोन या दराने पैसे घेतले तर वर्षाला शेकडा २४ व्याज होते. पंख्यासाठी जादा लागणाऱ्या १,२०० रुपयांवर ते २८८ रुपये होईल. पहिल्या टप्प्यातील घराचीही वार्षिक बचत ५०४ रुपये असल्याने पंखा या कसोटीला उतरतो. फ्रीजच्या जादा ३,५०० रुपयांवर मात्र व्याज ८४० रुपये होते आणि बचत ३५० किंवा फार तर ७०० रुपये. असा फ्रीज कर्जाऊ पैशांनी घेणारे कुटुंब वीज वाचवील, पण पैसे गमावील. भिशीची पाळी लागेपर्यंत थांबणे किंवा बिनव्याजी हप्ता मिळविणे हाच तेथे मार्ग होय.

या अडचणीवर सार्वजनिक उपाय निघू शकतो, हे एलईडी दिव्याने दाखवून दिले. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या शासकीय क्षेत्रातील कंपनीने दिव्यांची घाऊक खरेदी केली. तिला २०१४ च्या प्रारंभी जो दिवा ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. वीज बिलातून हप्त्याने पैसे फेडण्याची सोयही अनेक ठिकाणी करण्यात आली आणि देशभरात ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला व तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९३ युनिटे वाचतात. शंभर रुपयांचा दिवा पहिल्या टप्प्यातील घरातही दोन महिन्यांत आपली किंमत परत करतो.

सहा हजार रुपयांचा विनियोग

आता या सर्व गोष्टी एका घरात मांडून पाहाव्यात. कॅम्प १ मधील दोन खोल्यांचे एक कुटुंब कल्पावे. त्याचा वापर दरमहा सरासरी १३० युनिटे आहे. एका खोलीतील पंखा जळाला आहे व दुसरीतील जुना ७५ वॅटचा पंखा चालू आहे. स्वयंपाकाच्या जागी ६० वॅटचा बल्ब आणि बाहेरच्या खोलीत चोकसह सुमारे ५२ वॅट घेणारी जुनी ट्यूब आहे. फ्रीज जुना असला तरी थंड करतो. घरात सहा हजार रुपये साठले आहेत आणि नवा फ्रीज घ्यावा असा विचार चालला आहे.

हिशेब वेगळीच वाट दाखवितो. १०० रुपयांचा एलईडी दिवा ९३ युनिटे वाचवील. २५० रुपयांची २० वॅटची एलईडी ट्यूब रोज पाच तासांच्या वापरात ५८ युनिटे वाचवील. जळालेल्या पंख्याच्या जागी २,८०० रुपयांचा बीएलडीसी पंखा घेतल्यास एक तारांकित पंख्याच्या तुलनेत ७२ आणि दुसराही बदलल्यास १६२ युनिटे वाचतील. एकूण खर्च ५,९५० रुपये व एकूण बचत वर्षाला ३८५ युनिटे, म्हणजे दरमहा सुमारे ३२. कुटुंबाचा वापर १३० वरून ९८ वर येतो. वाचलेल्या ३२ युनिटांपैकी ३० दुसऱ्या टप्प्यातील, म्हणून दरमहा सुमारे ४३४ रुपयांची बचत होते. जळालेल्या पंख्याचे सोळाशे रुपये कसेही खर्च होणारच होते. ते वगळता जादा खर्च ४,३५० रुपये उरतो आणि तो दहा महिन्यांत सुटतो. त्यानंतर हीच ४३४ रुपयांची बचत बाजूला टाकत गेल्यास फ्रीजची सोयही कर्जाविना होऊ शकेल.

येथे एक सावधगिरी हवी. वापर शंभराच्या आत आल्यानंतर पुढील प्रत्येक बचतीचे मोल निम्मे होते. म्हणून पहिल्या चार बदलांचा लाभ पाहून पाचव्या बदलाकडून तेवढीच अपेक्षा धरू नये.

भाडेकरूंची स्थिती आणखी वेगळी असते. घरमालक पोटमीटर लावून युनिटामागे ठरावीक रक्कम घेत असेल, तर बचत त्या दराने मोजावी. वीज भाड्यातच धरलेली असेल, तर पंखा घेणारा एक आणि लाभ मिळविणारा दुसरा असे होते. अशा वेळी मालक व भाडेकरू यांनी खर्चाची वाटणी आधी ठरवावी, किंवा घर सोडताना बरोबर नेता येईल अशाच वस्तूवर भाडेकरूने पैसे घालावेत.

शाळा व ग्रामपंचायतीसाठी

हीच रीत सार्वजनिक खरेदीलाही लागू आहे आणि तेथे तिची उत्तरे काही वेळा अनपेक्षित येतात. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील एखाद्या शाळेत पंखे दिवसाला सहा तास व वर्षातून २०० दिवस चालतात असे मानले, तर १,२०० तास झाले. चालू स्थितीतील जुना पंखा बदलून ५४ युनिटे वाचतील. दर १० रुपये धरला तर ५४० रुपये. अठ्ठावीसशे रुपये सुटण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. शाळेने म्हणून चालू पंखे घाईने उतरवू नयेत. बंद पडतील तेव्हा बदलावेत आणि तोपर्यंत रिकाम्या वर्गातील बटणे बंद करण्याची शिस्त लावावी.

रस्त्यावरील दिव्याचे गणित याच्या उलट आहे. तो रोज सुमारे अकरा तास, म्हणजे वर्षाला चार हजार तास जळतो. ५२ वॅटच्या ट्यूबऐवजी २० वॅटचा एलईडी दिवा लावल्यास एका खांबामागे १२८ युनिटे वाचतात. दर ८ रुपये धरला तरी ही रक्कम हजार रुपयांच्या वर जाते. ग्रामपंचायतीचा पहिला रुपया म्हणून खांबावर खर्च व्हावा. निविदा मागविताना केवळ सर्वांत कमी किंमत न पाहता, किंमत अधिक पाच वर्षांचे वीज बिल अशी बेरीज करून तुलना केल्यास स्वस्त दिसणारी वस्तू पुष्कळदा महाग असल्याचे आढळून येईल. त्या बेरजेत हमीचा काळ व दुरुस्तीची सोय यांचाही विचार झाला पाहिजे.

वर्गात शिकविण्यासाठी

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी घोषणांबरोबरच एक तासिका या हिशेबाला द्यावी. विद्यार्थ्यांनी घरचे वीज बिल आणावे आणि त्यावरून चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. आपले शेवटचे युनिट कोणत्या टप्प्यात पडते व शुल्कासह त्याचा दर किती? घरातील कोणते उपकरण सर्वाधिक तास चालते? ते बदलल्यास वर्षाला किती युनिटे वाचतील? किमतीतील फरकाला या वार्षिक बचतीने भागले असता किती वर्षे येतात?

उत्तर दोन वर्षांच्या आत आले तर जादा किंमत देण्यास हरकत नाही. ते पाच वर्षांच्या पुढे गेले तर थांबणे बरे. मधल्या उत्तरांसाठी हमीचा काळ आणि पैशाचे व्याज पाहून निर्णय घ्यावा. हे चार आकडे कागदावर मांडून दुकानात जाणाऱ्या ग्राहकाला दुकानदाराच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही. आणि शंभर युनिटांच्या काठावर संसार चालविणाऱ्या घरात वाचलेले चारशे रुपये ही दर महिन्याला जाणवणारी रक्कम असते.